सहा रांजण, एक निळा

अबेओकुटाच्या बाजारामागे एका अंगणात सात रांजण होते. सहा रांजणांत सहा बायका निळीत कापड रंगवत. सातवा अबोसेदेच्या आईचा. आई वारून दोन महिने झाले होते. जाण्याआधी तिने लागोसच्या दुकानदार बाईंना शब्द दिला होता: दोनशे कापडं, सगळी एकाच निळ्यातली. बाई पुढच्या आठवड्यात नमुने पाहायला येणार होत्या. ते पटले नाहीत तर त्या यंत्रावर छापलेला परदेशी माल घेणार, आणि आईचा शब्द तिच्या माघारी खोटा पडणार.

अबोसेदे कॉलेजात व्यवसाय शिक्षण हा विषय शिकवायची. संध्याकाळच्या वर्गाला आई मागच्या बाकावर येऊन बसायची. ‘छोटे उद्योग हा देशाचा कणा’ असं फळ्यावर लिहिलं की मागून आवाज यायचा, "टीचर, कणा दुखला की देश चोळून देतो का?" वर्ग हसायचा.

माल एकसारखा हवा तर रांजणही एकच हवा, असं तिने ठरवलं. आईचा रांजण भरून घेतला आणि सहाही जणींना त्यातच कापड बुडवायला सांगितलं. चौथ्या दिवशी कापड बाहेर आलं ते मळकट, डागाळलेलं. नीळ विरघळावी म्हणून घालतात ते राखेचं पाणी जास्त होऊन रांजण नासला होता.

"राखेचं पाणी कुणी वाढवलं?" तिने विचारलं.

सगळ्यांत वडील, हज करून आलेल्या अल्हाजा सिदिकात म्हणाल्या, "मी. लोटाभरच. तुझ्या आईचा रांजण, म्हटलं कमी पडायला नको."

"अगं बाई, मीपण घातलं," शेजारच्या रांजणावरची वुराची आई म्हणाली.

सहाही जणींनी घातलं होतं, एकमेकींना न कळू देता.

"मग सांगितलं का नाही?"

"दुसरीच्या रांजणात हात घातला हे सांगतं का कुणी?" अल्हाजा म्हणाल्या. "शिकलीस खूप, पण वाढलीस याच अंगणात ना?"

घरी येऊन तिने आईची पेटी उघडली. शनिवारी मावश्या येऊन आईची वस्त्रं वाटून घेणार होत्या. सगळ्यांत वर ते नेसूचं होतं, आईने स्वतः रंगवलेलं, गडद निळं. लेक म्हणून त्यावर अबोसेदेचाच हक्क होता. तिने ते मांडीवर पसरलं. मग कात्री घेऊन त्याचे सहा तुकडे केले.

"आपापला रांजण, आपापली राख," दुसऱ्या दिवशी तिने एकेकीच्या हाती तुकडा ठेवला. "कापड वाळलं की याच्याशेजारी धरायचं. जुळलं की थांबायचं. किती वेळा बुडवलं, त्याच्या रेघा भिंतीवर कोळशाने ओढायच्या."

अल्हाजांनी तुकडा ओळखला. तो कपाळाला लावला.

कुणाच्या नऊ रेघा झाल्या, अल्हाजांच्या तेरा. वुराची आई म्हणाली, "अल्हाजांचा रांजण त्यांच्यासारखाच, चार वेळा जास्त सांगितल्याशिवाय ऐकत नाही."

ठरल्या दिवशी लागोसच्या बाईंनी सहा कापडं उन्हात पसरली, खालीवर केली. "यातलं कुठलं कुणाचं?"

अल्हाजा वाकल्या, निरखून पाहिलं. "आता ते आम्हालाही सांगता यायचं नाही."

"दोनशे पक्की. सणाला पाचशे होतील?" बाईंनी विचारलं.

अबोसेदेने उत्तर द्यायच्या आत वुराची आई बोलली, "होतील. आणखी चौघी तयार करायला हव्यात. टीचर, वर्ग कधी घेतेस? इथेच घे, तुझ्या कॉलेजच्या बाकांवर पाठ धरते."

बाई गेल्यावर अबोसेदेने आईचा रांजण घासून नव्याने भरला. रंग तयार व्हायला काही दिवस लागले. तिच्या राखेला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. मग तिने पहिलं कापड बुडवलं, काढलं, वाळत टाकलं. आईच्या रांजणामागची भिंत कोरी होती. तिने कोळसा उचलला आणि पहिली रेघ ओढली.