लालासाबची जादा पंचवीस वर्षं

मुबशिरानं आजोबांचं रक्त नेलं ते तिच्या एम.एस्सी.च्या कामासाठी, आणि घोर लागला तो तिच्या दादीला.

त्याचं असं झालं. तिचा आजोबा, म्हणजे दादा, लालासाब शिंपी हा पावणेपाच फुटांचा गडी. वय शहात्तर, पण कसबा बावड्यात अजून मशीन चालवतोय. त्याच्या घराण्यात सगळेच बुटके आणि सगळेच चिवट. बाप अठ्ठ्याण्णवाला गेला, तोही चिंचेच्या झाडावरून पडून. आत्या एकशे एक. मुबशिराच्या सरांना असलंच घराणं हवं होतं. अहवाल आला तशी पोरगी दादीला समजावायला बसली.

"मेंदूखाली एक ग्रंथी असती, दादी. तिथनं वाढीचा हुकूम सुटतो. दादांच्या पेशी तो अर्धाच ऐकतात, जनुकातच तसं हाय. म्हणून उंची खुंटली. पण वाढायची धावपळ कमी, त्यामुळं शरीराला डागडुजीला सवड मिळती. अशी माणसं पुष्कळदा जास्त जगतात, असं दिसतंय. खात्री न्हाय, नुसता कल हाय."

"अर्धंच ऐकत्यात, हे मला पन्नास वर्षांपासनं ठावं हाय," मेहरुन्निसा म्हणाली.

हसली खरी, पण रात्रीचं जेवण काही तिला गेलं नाही. ती गारगोटीची, नवऱ्याहून चांगली वीतभर उंच. तिची आई सत्तरीला गेली, दोन्ही मावश्या बहात्तरीच्या आत. तिला स्वतःला एकाहत्तरावं लागलेलं. म्हणजे आपण आज ना उद्या जाणार आणि हा बाबा पुढं पंचवीस वर्षं बसणार. बसू दे की! पण खाणार काय? दुसऱ्याच्या हातची चटणी जिभेला लागली की लालासाब ताटावरनं उठतो. सून बिचारी दहा वर्षं झाली हात टेकून बसली होती. मरणाला मेहरुन्निसा भीत नव्हती. आपल्यामागं हा उपाशी राहील, या विचारानं मात्र तिचं काळीज तुटायचं.

वर्षाची चटणी, म्हणजे रोजच्या कालवणात पडणारं लाल तिखट, उन्हाळ्यात एकदाच होते. तिनं फर्मान काढलं, "अवं, औंदा चटणी तुमी करायची. मी नुसती बघणार."

पंधरा दिवस शिकवणी चालली. मिरच्या किती, सुकं खोबरं किती, कांदा कुठवर तळायचा. लालासाब मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून बसायचा. एकदा म्हणाला, किलोभर मिरचीला पाव किलो लवंग. मेहरुन्निसानं कपाळावर हात मारला. चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची कॉलर याला तोंडपाठ, आणि लवंग ध्यानात राहत नाही! शिंप्याच्या डोक्यात मापाशिवाय दुसरं असतं काय? पण घोर लागलेल्या माणसाला सरळ गोष्टही दिसत नाही.

शेवटी कंटाळून तिनंच मसाला भाजला आणि दोघं डंकावर गेली. मिरची कुटायचा तो डंक बनाबाईचा. ठसका, शिंका, बायांची ही गर्दी.

"भाभी, परत आलीस व्हय?" बनाबाई आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "चाचा परवा येऊन अर्धा किलो कुटून घेऊन गेलं की. एकटंच आलतं. मी चव बघितली. डिट्टो तुझीच!"

मेहरुन्निसानं नवऱ्याकडं बघितलं. तो मिरच्यांची देठं मोजत असल्यासारखा पिशवीत बघत होता.

"येतीया तुमास्नी चटणी?"

"येतीया."

"मग पंधरा दिवस माझा जीव का खाल्ला? मी रातभर जागी असती, हा माणूस माझ्यामागं काय खाईल म्हणून!"

"म्हणूनच की," लालासाब म्हणाला. "आपल्याला येतंय का, तेवढं गुपचूप बघितलं. ती चटणी मशिदीपुढं मागत बसणाऱ्या म्हातारीला देऊन टाकली. पण मला येतीया म्हटल्यावर तू निवांत झाली असतीस. आणि निवांत झालेलं माणूस लवकर जातं. ती पंचवीस वर्षं मी मागितली न्हाईत, मेहरू. तुझ्याबिगर ती घेऊन करू काय?"

मेहरुन्निसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीचं नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलंही नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बनाबाईकडं वळली.

"पुढल्या उन्हाळ्याचा माझा नंबर आत्ताच लिवून ठेव."

"वर्षभर आधी कोण नंबर लावतं का, भाभी?"

"लाव म्हटलं की लाव. आणि त्याच्या पुढच्या सालचाबी."