अठ्ठ्याण्णव हजारांचा साक्षात्कार

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरवर एक नवा कॉम्प्युटर, त्याच्यापुढे श्वास रोखून उभी असलेली माणसं, आणि पडद्यावर चढत जाणारा आकडा. सत्तर हजार. ऐंशी. अठ्ठ्याण्णव हजार! फोटो स्टुडिओवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचे अठ्ठ्याण्णव हजार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी टाळ्या वाजवत होतो.

"आठ कोअर! एका डोक्यात आठ मेंदू!" दुकानदार गरजला. त्याला सगळे वेगमहाराज म्हणत. "ताई, तुमच्या जुन्या डब्याचा आकडा अकरा हजार. बोला, आयुष्य नऊपट हवंय की नकोय?"

जुना डबा, म्हणजे लॅपटॉप, माझ्या आत्याच्या मांडीवर होता. त्यावर ती नक्षी आखते, मग भरतकामाचं मशीन टाके घालतं. शाळेचे चारशे बिल्ले सोमवारी द्यायचे होते. सही केली की डबा नव्याच्या अदलाबदलीत जाणार, आणि एकदा गेला की गेला.

"कर ना सही, आत्या. आकडा बघ!"

"आकडा बघून कात्री घेतं का कुणी? आपलं कापड न्यायचं आणि कापून बघायचं." तिने पर्समधून भरतकामाचा प्रोग्राम आणि बिल्ल्याची नक्षी असलेला पेनड्राइव्ह काढला.

"अहो, एवढ्याशा कामाला हा प्रोसेसर उठणारसुद्धा नाही!"

"मग उठवा."

बिल्ल्याचे टाके आखायला जुना डबा अकरा मिनिटं घ्यायचा. नव्याने साडेदहा घेतली.

"नवीन आहे, लाजतोय," वेगमहाराज म्हणाले.

"तपासनीस आला की हुशार होणारी पोरं मी पाहिलीत," आत्या म्हणाली. "ह्याला तपासनीस ओळखू येतोय. अरे, त्या आकडेवाल्या प्रोग्रामचं नाव बदल बघू."

वेग मोजून आकडा दाखवणाऱ्या त्या प्रोग्रामचं नाव होतं 'महावेग'. मी 'आत्या' ठेवलं. तोच प्रोग्राम, तीच गणितं. आकडा साडेअकरा हजारांवर येऊन बसला.

मग मला राहवेना. भरतकामाच्या प्रोग्रामला मी 'महावेग' नाव दिलं. दोन सेकंदांत काम फत्ते! गर्दीने पुन्हा टाळ्या वाजवल्या. आत्याने पडद्यावर बिल्ला उघडला. कोरा. टाके शून्य.

म्हणजे साक्षात्कार एवढाच: 'महावेग' हे नाव दिसलं की नवा कॉम्प्युटर काम करतच नव्हता. पाठ केलेली उत्तरं फेकून मोकळा होत होता.

आत्याने डबा काखोटीला मारला. बिल्ले सोमवारी पोचले, चारशेच्या चारशे.

पुढच्या आठवड्यात दुकानावर नवी पाटी लागली: 'आता आत्या-चाचणीतही अव्वल! एक लाख दोन हजार!' गर्दी दुप्पट. सर्वांत पुढे फोटो स्टुडिओवाला, रुमाल घेऊन.

तेव्हा मंडळी, आकड्यापुढे मान डोलवण्याआधी विचारा, हा कुणाच्या कामाचा? आपलं काम घेऊन जा, घड्याळ लावून बघा. आणि कोणतं काम आणताय, ते दुकानदाराला आधी सांगू नका.