सपाट रेघ

आमच्या साहेबांना आकाशातलं ओ की ठो कळत नाही, पण आकाशाबद्दल बोलण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. आमच्या वेधशाळेचं काम एकच. वरच्या वातावरणात प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित वायूचं, वादळ उठलं की जहाजांना इशारा द्यायचा, कारण अशा वादळात रेडिओचे संदेश पार विस्कटून जातात.

त्या सकाळी उपग्रहाचा सिग्नल आधी थरथरला, मग तुटलाच. पडद्यावरची रेघ सपाट झाली. साहेब चहाचा कप घेऊन आले आणि रेघ पाहून खूश झाले.

"वा! आज सगळं शांत दिसतंय."

"साहेब, ही शांतता नाही," मी म्हणालो. "वादळ एवढं मोठं आहे की सिग्नलच आपल्यापर्यंत पोचत नाही."

"तुम्हाला काय, जिथे तिथे वादळंच दिसतात!"

त्यांच्या पदावर बसायला डोळे लागत नाहीत, संचालक मंडळात सासरा लागतो.

मग ते रेडिओच्या खोलीत शिरले. आधी टाय सरळ केला. रेडिओवर बोलायला टाय! आणि "आकाश अगदी शांत आहे" असं सगळ्या जहाजांना ऐकवू लागले. मी काचेतून बघत होतो. पलीकडून एकाही जहाजाची पोच येत नव्हती, नुसती खरखर चालली होती. भाषण मात्र चांगलंच रंगलं होतं.

शेवटी घाम पुसत साहेब बाहेर आले.

"बघितलंत? एवढी जहाजं ऐकत होती, पण एकानेही शंका काढली नाही!"