फुटपाथवरून थेट आयासोफियात

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! माझा जन्म जर्मनीतल्या येना गावचा, आणि भिंगांची गोष्ट निघाली की येनाला कुणी नावं ठेवत नाही.

उमेदीची वर्षं मी क्रौझे नावाच्या वनरक्षकाच्या गळ्यात काढली. घुबडाचं पिल्लू दिसलं की ते मला शाबासकी द्यायचे. पुढे वृद्धाश्रमात जाताना त्यांनी मला शेजारच्या प्रद्युम्नच्या हाती सोपवलं. प्रद्युम्न भिंगांच्याच कारखान्यात इंजिनिअर. पण मी पडले केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलच्या पंपाशेजारी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग कऱ्हाडहून त्याची आई आली, वासंतीआजी. जन्मभर शाळेत मुलींना इतिहास शिकवलेली. तिच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजीने एकच मागितलं. इस्तंबूलच्या आयासोफियात, म्हणजे आधी चर्च आणि पुढे मशीद झालेल्या त्या जुन्या वास्तूत, घुमटाखाली सहा पंखांचा देवदूत आहे. बायझंटाईन कारागिरांनी तो बारीक रंगीत तुकडे जडवून घडवला. ऑटोमन काळात त्याचा चेहरा झाकला गेला आणि अलीकडे पुन्हा उघडला. तो चेहरा तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

तिकिटं निघाली. केलरमधून बॅगा काढताना मी प्रद्युम्नच्या हाती लागले. "एवढं वजन कोण नेणार? मोबाईलला झूम आहे की," असं म्हणून त्याने मला 'फुकट न्या' लिहिलेल्या खोक्यात घातलं आणि खोकं फुटपाथवर ठेवलं. बॅगेत भाजणीला आणि चिवड्याला मात्र जागा होती! मला फार लागलं, मित्रांनो.

थोड्या वेळाने आजी फेरफटका मारून परतली. खोक्यापाशी थांबली. मला उचलून पदराने पुसलं आणि घरात येऊन म्हणाली, "काय बाई ही माणसं! एवढी चांगली दुर्बीण रस्त्यावर टाकलीय. कुणाचं डोकं फिरलं होतं देव जाणे!"

सून नीना हसून बेजार झाली. "अहो आई, ती आपलीच आहे. तुमच्या चिरंजीवांनी टाकलीय."

प्रद्युम्न चांगलाच ओशाळला. "आल्झो... म्हणजे... घेतो मी बॅगेत," तो पुटपुटला. भाजणी घरी राहिली.

आयासोफियाच्या दाराशी बायका डोक्यावर घ्यायला रुमाल शोधत होत्या. आजीने नुसता पदर घेतला आणि ऐटीत आत गेली. वरच्या सज्जात जायला दगडी चढण होती. नीनाचा दंड धरून, "आई गं" करत ती चढली. वर पोचताच प्रद्युम्नने मोबाईल पुढे केला.

"फोटो पुस्तकातही आहे रे. ती दे इकडे."

तिने मला डोळ्यांना लावलं. सगळं धुरकट! "उशीर झाला वाटतं मला," ती हळूच म्हणाली.

"आई, चष्मा काढा आधी," नीना म्हणाली. आजीने चष्मा तिच्याकडे दिला. प्रद्युम्न आईच्या मागे उभा राहून माझं चाक सावकाश फिरवू लागला. "आता?" "नाही रे." "आता?"

"थांब! हलवू नकोस."

दिसला. तो चेहरा, आणि जवळच ऑटोमनांनी लावलेली सोनेरी अक्षरांची भलीमोठी गोल पाटी. आजी मला चेहऱ्याकडून पाटीकडे आणि पाटीकडून चेहऱ्याकडे फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चौदाशे त्रेपन्नला कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं, इथे एक युग संपलं, खाली रेघ मारा, असं मी मुलींना सांगायचे," ती म्हणाली. "कुठे आहे रे इथे रेघ?"

आता आजीला माझ्यातूनही काही दिसत नाही. पण त्या चेहऱ्याबद्दल विचारा, तास तास सांगत बसते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा असं मी सांगणार, असं वाटलं ना तुम्हाला? जपा की, चांगलंच आहे. पण घरातल्या कुणाचं काही पाहायचं राहिलं असेल, तर आधी ते दाखवून आणा. आम्ही टिकतो हो. डोळे टिकत नाहीत.