बुधवारचं ताट

रविवारी सकाळी पावणेआठ वाजता योगेंद्र बोरकरने दिघोरीला फोन करून तीन ताटं सांगितली. मासा कोणता, हे त्याने विचारलं. जाळ्यात येईल तो, असं पलीकडच्या बाईने मोठ्या आवाजात सांगितलं आणि एक वाजायच्या आत या म्हणून फोन ठेवला.

रीता चहा गाळत होती.

"आज तुले अशा जागी नेतो," तो म्हणाला, "का तू नावच काढशील."

"कुठं?"

"चाल तर. पाटी नाही, मेनू नाही. आठच्या आत सांगितलं तर ताट, नाही तर उपाशी परत."

"बरं," रीता म्हणाली आणि कप त्याच्याकडे सरकवला.

रविवार योगेंद्रचा होता. साकोलीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतावरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी आठवडाभर त्याच्या दारात पडलेल्या असत. रविवारी तो शटर उघडत नसे. पंप वाहायच्या जुन्या व्हॅनमध्ये मागे सतरंजी टाकायची आणि बायको, मुलीला घेऊन निघायचं, हा नऊ वर्षांचा नेम. गायमुख, चांदपूर, आंभोरा, गोसीखुर्द, नागझिऱ्याचं फाटक. कोणत्या ढाब्यावर शेवभाजी खावी, कोणत्या टपरीवर नुसता चहा घ्यावा, हे त्याला तोंडपाठ होतं. नातेवाईक निघण्याआधी त्याला फोन करत. रीता आरमोरीची. सासरवाडीला गेलं की तो हमखास म्हणे, "अख्खा भंडारा जिल्हा मी दाखवला हिले." रीता मान हलवी.

तिचं ब्लाउज शिवायचं दुकान त्याच्या दुकानाला लागून होतं. मधली भिंत एक. तिची सुटी बुधवारची. त्या दिवशी ती स्कूटीने वडशाला अस्तर, लेस, बटणं आणायला जाई आणि पाचच्या सुमारास परत येई. वडसा किती दूर, बाजारात किती वेळ लागतो, याचा हिशेब योगेंद्रने कधी केला नव्हता.

पाऊण वाजता व्हॅन दिघोरीच्या अलीकडे तलावाच्या पाळीखाली थांबली. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचं कडधान्य निळं फुललं होतं. टिनाचं छप्पर, चार टेबलं, बाजूला चूल. भिंतीजवळच्या फळीवर स्टीलची ताटं पालथी मांडलेली. सांगून ठेवलेलं प्रत्येक जेवण म्हणजे एक ताट. त्या दिवशी अकरा होती.

"बाबा, इथं चाऊमिन भेटते का?" टीनाने विचारलं. ती आठ वर्षांची होती.

"चूप बस. इथं असली चीज भेटते."

चुलीपाशी बसलेल्या बाईने वळून पाहिलं. पन्नाशीची, काटक, नाकात चमकी. तिचं नाव धुरपता, एवढं योगेंद्रला दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. तो पुढे होऊन ओळख सांगणार होता.

"आली का वं?" धुरपता म्हणाली. "आज रविवारी कशी काय?"

ती रीताशी बोलत होती. मग तिचं लक्ष योगेंद्रकडे गेलं. तिने हात लुगड्याला पुसले, पदर सारखा केला.

"जवाई होय? या जी, या. अन हे आपली नात का? बसा, बसा."

योगेंद्रने खुर्ची ओढली.

"त्या खुर्चीवर नका बसू," रीता म्हणाली. "तिचा पाय हालते."

तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. रीता ड्रमच्या मागे गेली, तांब्या घेतला, पाणी भरून आणलं. तांब्या कुठे ठेवतात, हे तिला शोधावं लागलं नाही.

"आई, तू या आजीले ओळखते?"

"हो."

ताटं आली. मरळीचा रस्सा, भात, लाखोळीची भाजी, बुक्की मारून फोडलेला कांदा. योगेंद्रची एक सवय होती. मासा असला की तो आपल्या ताटातला मधला, जाड तुकडा उचलून रीताच्या ताटात ठेवी. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. आजही त्याने तुकडा उचलला, आणि हात मध्येच थांबला. तिच्या भातावर शेपटीचे दोन तुकडे होते.

"तिले शेपटीच लागते," धुरपता चुलीपासून म्हणाली. "काटे काढत बसते घंटाभर."

योगेंद्रने तुकडा टीनाच्या ताटात ठेवला.

"मावशी, झंपर काहून नाही घातला तो?" रीताने विचारलं.

"कसा घालू वं? लय कसला. श्वास घेतला का बटन उडते."

"माप तर तेच होतं. तूच फुगली, मावशी. दुसऱ्याइले वाढता वाढता निम्मं तूच खाते."

"होव, खातो ना. तुह्या मशीनले नजर लागली म्हनून सांग."

रीता हसली. मान मागे टाकून, तोंडावर हात न ठेवता. बाजूच्या टेबलावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. योगेंद्रनेही पाहिलं. मग तो भात कालवू लागला. रस्सा चांगला होता. त्याने दुसऱ्यांदा घेतला नाही.

हात धुवायला तो मागच्या बाजूला गेला. धुरपता भांडी विसळत होती. पलीकडे निंबाखाली एक खाट होती, खाटेवर गोधडी, गोधडीची घडी नीट.

"नेहमी येते का ती?" त्याने विचारलं.

"पोरगी? दर बुधवारी येते."

"बुधवारी गर्दी राहत असन."

"बुधवारी कायची गर्दी? बुधवारी बंद असते माह्यं. दोनच ताटं राहतात."

योगेंद्रने नळ बंद केला नाही.

"दोन?"

"होव."

"दुसरं कोनाचं?"

धुरपताने विसळलेला गंज पालथा घातला. "माह्यं. मले कोन वाढते, भाऊ? सगळ्याइले वाढून झालं का मी चुलीपाशीच खाऊन घेतो. बुधवारी ते मले वाढते, मी तिले वाढतो. मंग ते त्या खाटेवर अर्धा घंटा झोपते. उठली का चहा घेते अन जाते. लय बोलते बाप्पा तुमची बायको. घरी बी असंच डोकं खाते का?"

"हो," योगेंद्र म्हणाला.

पाणी वाहत होतं. 'दोन' हा शब्द ऐकल्यावर त्याला जो संशय आला होता, तो आता ओसरायला हवा होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक म्हातारी होत चाललेली बाई, एक खाट, चहा. त्याने खाटेकडे पुन्हा पाहिलं. घरी रीता दुपारी कधी झोपत नसे.

परतताना टीना मागे सतरंजीवर आडवी झाली. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर योगेंद्रने विचारलं.

"कवापासून जातेस?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून."

"म्हणजे सव्वा वर्ष."

"असन."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? जेवते अन येते."

"सकाळी तरी सांगायचं. मी तिथं येड्यासारखा... पाटी नाही, मेनू नाही."

"तुमी खुश होते," रीता म्हणाली.

समोरून तणसाच्या पेंढ्या लादलेला ट्रॅक्टर आला. योगेंद्रने व्हॅन बाजूला घेतली, ट्रॅक्टर जाऊ दिला, आणि पुन्हा रस्त्यावर येताना विचारलं, "गायमुखले बी आधी गेली होतीस का?"

"शाळेची ट्रिप होती. सातवीत."

"अन चांदपूर?"

"मामाच्या घरचे घेऊन गेले होते एकदा."

"आंभोरा?"

रीता खिडकीबाहेर पाहत होती. "आंभोरा तुमीच दाखवलं," ती म्हणाली.

हे खरं होतं की ती त्याचं मन राखत होती, हे त्याला कळलं नाही. पुन्हा विचारावं, असंही त्याला वाटलं नाही. साकोलीची पहिली घरं दिसेपर्यंत त्याने मनात एक गोष्ट जुळवली आणि ती चांगल्या आवाजात सांगितली.

"असं करू. बुधवारी मी बी अर्धा दिवस दुकान बंद ठेवतो. वडशाले व्हॅननं जाऊ. येताना संगच जेवू मावशीकडे. तुले तेवढी स्कूटी चालवायची गरज नाही."

"गिऱ्हाईक जाईल तुमचं."

"जाऊ दे. बायकोपेक्षा गिऱ्हाईक मोठं आहे का?"

रीताने ओढणी सारखी केली. "पाहू," ती म्हणाली.

बुधवारी बारा वाजता योगेंद्रने हात धुतले, शर्ट बदलला आणि शेजारच्या दुकानाच्या दारात उभा राहिला. रीता मशीनवर होती.

"निघायचं ना?"

"अस्तर आहे अजून. आज नाही जात."

"मंग नुसतं जेवायले जाऊ."

"लग्नाचे सहा ब्लाउज आहेत, अहो. शनिवारी द्यायचे आहेत."

तो बसस्टँडवर जाऊन गरम आलुबोंडे घेऊन आला. रीताने एक खाल्ला, उरलेले टीनासाठी कागदात बांधून ठेवले. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज दुपारभर येत राहिला. त्या दुपारी योगेंद्रने तीन मोटारी बांधल्या. एरवी दोन होतात.

पुढच्या बुधवारी अस्तराचा गठ्ठा वडशाहून बसने आला. रीताने तो कंडक्टरकडून स्वतः उतरवून घेतला आणि स्कूटीवर ठेवून दुकानात आणला. त्या दिवशी योगेंद्रने तिच्यासाठी समोसे आणले.

गुरुवारी सकाळी दहाला त्याचा फोन वाजला.

"जवाई, पोरगी बरी हाय ना जी?"

फोन कानापासून थोडा लांब धरावा लागेल, इतका धुरपताचा आवाज मोठा होता. योगेंद्र उठून रस्त्यावर आला.

"बरी आहे."

"दोन बुधवार झाले. तिचा नंबर नाही माह्यापाशी. तिनं कधी फोन नाही केला, मी बी नाही मांगला. बुधवार म्हनला का येतच होती. तुमी तीन ताटं सांगितले होते ना त्या दिवशी, तो नंबर पोराकडून काढला शेजारच्या."

"काम लय आहे तिले. लग्नसराई."

"मंग ठीक. मले वाटलं का, त्या दिवशी माह्या तोंडून काही जास्ती निघालं का? तिच्या माघारी बोलली मी तुमच्याशी."

"नाही, नाही."

"ताट वाढलं होतं दोन्ही बुधवारी. दोन वाजेलोक वाट पाह्यली. मंग एकटीले जेवन गेलंच नाही. तिले म्हना, येत जा. अर्धा घंटा येऊन जा म्हना."

"सांगतो," योगेंद्र म्हणाला.

गुरुवारी रात्री जेवताना त्याने सांगितलं नाही. शुक्रवारी तो विसरला, असं त्याने स्वतःशी धरलं. शनिवारी तो तिच्या दुकानाच्या दारापर्यंत गेला. आत दोन बायका कापड पसरून बसल्या होत्या. त्याने कात्री मागितली, नेली आणि तासाभराने परत आणून दिली. रविवारी तो त्यांना कारध्याला घेऊन गेला. नदीकाठच्या एका ठेल्यावर त्याने नवी भजी शोधली होती. "छान आहेत," रीता म्हणाली. पुलावरून त्याने तिला वैनगंगेचं पात्र दाखवलं. तो बोट दाखवी, मग ती तिकडे पाही. पूर्वीही असंच होत असावं. त्याच्या ते आता लक्षात येऊ लागलं होतं.

ठेल्यावर भज्यांसोबत तळलेले मासे होते. त्याने एक ताट घेतलं आणि शेपटीचा तुकडा उचलून तिच्यासमोर ठेवला.

रीताने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी खा," ती म्हणाली. "माह्यं पोट भरलं."

तिसऱ्या बुधवारी दुपारी एकच्या सुमारास योगेंद्र एका मोठ्या मोटारीला वॉर्निश पाजत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत भरले होते. रीता चहाचे दोन कप घेऊन आली, तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला.

"अहो, फोन."

"वाजू दे. नंतर पाहतो."

"गिऱ्हाईक असन कोनी."

"नंबर पाहून सांग."

"नुसता नंबर आहे, नाव नाही." तिने कप ठेवले. त्याचे हात असे भरलेले असले की ती नेहमी करी तेच तिने केलं. हिरवं बटण दाबलं आणि फोन त्याच्या कानाला धरला. तिचं कोपर त्याच्या खांद्याला टेकलं होतं.

"जवाई," धुरपताचा आवाज आला, "सांगितलं का जी तिले?"

आवाज मोठा होता. योगेंद्रने वॉर्निशच्या डब्याकडे पाहिलं. ब्रशमधून एक थेंब मोटारीवर पडला, दुसरा फरशीवर.

"हॅलो? आज ताट वाढू का नको, तेवढंच सांगा. मासा ठेवला हाय मी."

रीताने फोन स्वतःच्या कानाकडे नेला नाही आणि त्याच्या कानावरूनही काढला नाही. एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

"आवाज येते का? हॅलो?"