उजवा कुल्ला

आमचे हे शिंपी. कोटाची बाही यांच्यासारखी बसवणारा दुसरा नाही, असं खोट काढायलाच येणारी गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायची. आणि असा माणूस गेली कित्येक वर्षं भिंतीला टेकून उभ्यानं जेवतोय. खुर्चीवर बूड टेकवलं की कळ उठायची ती थेट पोटरीत. जेवण उभ्यानं होतं, शिवण होत नाही. मशीन चादरीखाली, आणि त्यावर जावयाचा कोट बाह्यांवाचून पडलेला. पुन्हा मशीनवर बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मशीन विकायचं मी नुसतं नाव काढलं तरी जेवण टाकून द्यायचे.

डॉक्टर काय कमी केले? सगळ्यांना एकच सांगितलं, "कंबर दुखते." मग कमरेचे फोटो, त्यात सरकलेली चकती, मग कमरेचं ऑपरेशन. कळ जागची हलली नाही. मला नेहमी बाहेर बसवायचे. काही महिन्यांपूर्वी मात्र जिना चढताना धरावं लागलं, म्हणून मीही आत गेले.

या डॉक्टरीणबाई नव्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, नेमकं कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा."

यांचं बोट आपलं कमरेवर! घरात हात कुठे जातो ते रोज बघते मी. माझं डोकंच फिरलं.

"अहो, खरं सांगा की! कुल्ला दुखतो यांचा. उजवा कुल्ला!"

हे कानापर्यंत लाल. "अगं, बाईमाणसासमोर काय बोलतेस!"

"आणि आधीचे बाप्ये होते, तेव्हा काय दातखीळ बसली होती?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. यांना पालथं झोपवलं, गार जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र आधी डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे. मला आपलं वाटायचं, सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ बघायची.

"काकू, हा बघा, कुल्ल्यात खोलवर एक स्नायू असतो, पिरिफॉर्मिस. त्याच्याखालून पायाची मोठी नस जाते. उजवीकडचा केवढा जाड झालाय, नस दाबतोय. पण नुसतं बघून खात्री होत नाही. पडद्यावर बघत नेमकं इथे बधिर करायचं औषध देते. कळ थांबली, तर चोर हाच. हे औषध संध्याकाळपर्यंत उतरेल, बरं का."

म्हणजे इतकी वर्षं आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

घरी आल्या आल्या यांनी चादर ओढली. खुर्चीवर बसले, दोन्ही बाजूंवर भार टाकून, नीट. "बसलो गं!" म्हणाले. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. जावयाच्या कोटाची डावी बाही बसवली, आणि काय बसवली! एक चुणी नाही. उजवी टाचणीनं लावत होते, तेव्हा त्यांचा हात थांबला. टेबलाला धरून हळूच उठले आणि भिंतीला जाऊन टेकले.

पुढे खरं औषध दोनदा दिलं, तसंच पडद्यावर बघून. व्यायाम झाले. फरक नाही. "स्नायू नसेला चिकटून बसलाय. फार वर्षं गेली. पहिल्या वर्षी आला असतात, तर बहुतेक बरे झाला असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशनचं आम्हीच विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

काल मशीन बघायला माणूस आला. या वेळी यांनीच बोलावला होता. त्यानं चाक फिरवून पाहिलं, तेल पाहिलं. म्हणाला, "एवढं चांगलं मशीन का विकताय, मास्तर?"

हे भिंतीपाशी उभे होते, एका बाहीचा कोट हातावर घेऊन.

"उजवा कुल्ला दुखतो," ते म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट, न लाजता. मला मान वर करवेना.