चुलीवर टांगलेला पाइपचा तुकडा

डोमाभाऊंनी चिंधीत गुंडाळलेला रबरी पाइपचा तुकडा टेबलावर ठेवला. ज्योत्स्नानं चिंधी सोडली, तर आधी धुराचाच वास आला.

"हा जळला का भाऊ?"

"नाई बाई. गोकुळानं चुलीवर टांगून ठेवलता. बियाच्या गाठोड्यात."

चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मशिनी सांभाळता सांभाळता ज्योत्स्नाची वीस वर्षं गेली होती. नमुने हरवले, भिजले, एक तर कुत्र्यानं नेला. चुलीवरून आलेला हा पहिलाच.

डोमाभाऊ कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात हवेचा कॉम्प्रेसर चालवायचे. मे महिन्यात त्याचा थंड पाण्याचा पाइप फुटला. ठेकेदाराचं म्हणणं, डोमानं पाण्याचा व्हॉल उघडलाच नाही, मशीन उकळली म्हणून पाइप गेला. डोमाभाऊंचं म्हणणं, व्हॉल उघडा होता. पाइपच गोदामात टिनाखालच्या वरच्या फळीवर दोन उन्हाळे भाजून निघालेला. फुटलेला पाइप भंगारात गेला, पण त्याआधी त्यांनी वीतभर कापून घेतला. ऑगस्टअखेर चौकशी होती. ती विरोधात गेली, तर अठरा वर्षांचं काम गेलं. चौकशी करणारे सुरेंद्र साहेब, तपासणीचं पत्र त्यांनीच दिलं होतं.

या जातीचं रबर तुपासारखं असतं. ज्या उबेत बरेच दिवस पडून राहील, त्या उबेचा रवा धरतं. मशिनीत त्याचा तिळाएवढा कण हळूहळू तापवला, की कागदावरची रेघ त्या अंशाच्या आसपास जराशी उंचावते. पण मध्येच रबर त्याहून जास्त तापलं, तर खालचा रवा वितळतो, जुनी खूण पुसते.

रेघेवर दोन उंचवटे आले. एक बारका, पन्नासच्या अलीकडे. दुसरा चांगला ठसठशीत, सहासष्टावर. मशीन उकळली असती तर सहासष्टाची खूण उरलीच नसती. म्हणजे ती गोदामातल्या टिनाची, आणि डोमाभाऊ खरे. ज्योत्स्नानं लगेच सुरेंद्र साहेबांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुकडा नंतर चुलीवर होता म्हणता. आधी मशीन उकळली अन् सहासष्टाची खूण मागाहून चुलीनं उठवली, असं नाही कशावरून?"

तिला राग आला, कारण हा प्रश्न तिचा तिलाच पडायला हवा होता.

शनिवारी थर्मामीटर पर्समध्ये टाकून ती बसनं डोमाभाऊंच्या गावी गेली. त्यांची बायको गोकुळा भाकरी थापत होती.

"तुकडा चुलीवर काऊन टांगला, गोकुळाबाई?"

"मंग कुठी ठेवू? पेटीत उंदरं हायेत. जपाचं असन ते धुराखाली टांगाचं, किडा लागत नाई. माह्या मायनंबी तसंच केलं. ह्यायनं सांगतलं, हा तुकडा म्हंजे माही नोकरी हाये. मी बियातच बांधून टाकला."

ज्योत्स्नानं त्याच खुंटीला थर्मामीटर बांधला. भाकरी झाल्या, भाजी झाली. पारा चव्वेचाळीसवर थांबला, म्हणजे पन्नासच्या अलीकडचा बारका उंचवटा चुलीचा.

"आजचं झालं. पण मे महिन्यात इथं सहासष्ट नव्हतं, हे कोण सांगणार?" ज्योत्स्ना म्हणाली.

गोकुळानं हात पुसले अन् तिला मागच्या कुंपणाशी नेलं. दोडक्याचे वेल काठीवर चढले होते.

"त्याच गाठोड्यातलं बी हाये. तुकड्यासंगं पंचवीस दिस टांगून होतं, पेरतानी दोन्ही संगंच उतरवले. आठ टाकले, सात निंघाले. एक कोंबडीनं उकरला, त्यात चुलीचा काय दोष? तुमचं ते सहासष्ट लागलं असतं तं हे उगवलं असतं का?"

ज्योत्स्नानं वेल मोजले. मग पुन्हा मोजले. गाठोड्यात बी उरलंय का विचारलं, तर चाळीस निघालं.

वीस बिया तिनं प्रयोगशाळेच्या भट्टीत सहासष्ट अंशांवर पंचवीस दिवस ठेवल्या, वीस टेबलावर. मग दोन्ही ओल्या गोणपाटात. शिपाई रोज विचारायचा, "मॅडम, बाजारात दोडके महागले का?" टेबलावरच्या अठरा उगवल्या. भट्टीतली एक उगवली. ती एक लपवायचा मोह तिला झाला, पण अहवालात तीही लिहिली. नमुना कुठे ठेवला होता, या रकान्यात लिहिलं: चुलीवर, दोडक्याच्या बियांसोबत.

सुरेंद्र साहेबांचा फोन आला. "हे असंच ठेवायचं, मॅडम? वर जाईल कागद."

"असंच ठेवा. नाहीतर बियांचा हिशोब लागणार नाही."

चौकशीत ते टिकलं. वरच्या फळीवरचे सगळे पाइप साहेबांनी काढून टाकायला लावले, आणि एक तारखेपासून डोमाभाऊ कॉम्प्रेसरवर रुजू झाले.

पुढच्या आठवड्यात ते पिशवीभर दोडके घेऊन आले. सोबत गोकुळाचा निरोप होता: थर्मामीटर खुंटीलाच राहून गेलाय, लागत असेल तर पाठवते. लागत नसेल तर तिथीच राहू द्या. पारा पन्नासवर गेला, की ती गाठोडं एक खुंटी वर सरकवते.

ज्योत्स्नानं प्रयोगशाळेच्या वहीत थर्मामीटरपुढे लिहिलं: वापरात आहे.